मध्यंतरानंतरची आई

मोठ्या पुरस्काराची नामांकनं जाहीर झाली आणि त्यांत आईचं नाव निघालं, तेव्हा घरात सगळ्यांत आधी कोणती भावना पसरली असेल तर ती लाज.

आनंद झाला नाही असं नव्हे. धाकटा दंतवैद्य. त्याचे दोन्ही हात पेशंटच्या तोंडात असताना बातमी आली आणि "माझी आई आहे ती," असं तो भरल्या आवाजात म्हणाला. पण "कुठल्या सिनेमासाठी?" हे पेशंटला विचारता येत नव्हतं, याचं त्याला त्या क्षणी फार बरं वाटलं. कारण सिनेमा म्हणजे तो. ज्याच्या पोस्टरवर अख्खं कुटुंब एका छत्रीखाली उभं राहून रडतं आहे आणि पाऊस मात्र कुठेच नाही, तो. लोक तो बघायला रुमाल घेऊन जात होते. थोरलीने आपल्या सदरात लिहिलं होतं की रुमाल जरूर न्यावा, तोंडात कोंबायला उपयोगी पडतो.

थोरली कॉलेजात सिनेमा शिकवायची आणि बाबांच्या मागे त्यांचं चित्रपट मंडळ चालवायची. मंडळ याच घराच्या पुढच्या खोलीत. समोरची भिंत पांढरीशुभ्र, तोच सिनेमाचा पडदा. तिच्यावर खिळा मारायची आजही कोणाची टाप नव्हती. तिच्यासमोर एका पाडलेल्या थिएटरातून उचलून आणलेल्या घडीच्या खुर्च्यांची रांग. मंडळ लहान, पण तोंड मोठं. दरवर्षी मोठ्या पुरस्काराच्या आधी ते आपला स्वतःचा पुरस्कार जाहीर करायचं, आणि धंद्यातली माणसं 'आले दीडशहाणे' असं म्हणत म्हणत तो निकाल वाचायला धावायची.

आई या मंडळाची सभासद कधीच नव्हती. ती त्या खोलीत चहा घेऊन यायची. अठ्ठाविसाव्या वर्षी तिने पडद्यावर पहिली आई केली, तीही तिच्याहून वयाने मोठ्या नायकाची, आणि मग पुढची चाळीस वर्षं ती कोणाची ना कोणाची आई होत राहिली. बाबांनी तिचा एकही सिनेमा त्या भिंतीवर पडू दिला नाही. "घर वेगळं, कला वेगळी," असं ते म्हणत. त्यातलं घर कोणतं आणि कला कोणती, हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं होतं.

तर त्या रविवारी दुपारी निवड समिती बसली. समितीत आता घरचीच चार माणसं उरली होती. बाहेरचे थोरलीच्या तोंडाला कंटाळून गळाले होते. घरच्यांना गळायची सोय नव्हती. थोरली अध्यक्ष. तिच्या बाजूला धाकटा, त्याच्या पलीकडे त्याची बायको, कोर्टात वकिली करणारी. आणि टोकाला बाबांचे धाकटे भाऊ. त्यांनी सारा जन्म सेन्सॉरच्या कचेरीत घालवला होता, म्हणून त्यांना सगळे कात्रीकाका म्हणत.

"युद्धाच्या सिनेमाला द्या," कात्रीकाका म्हणाले. "काय तोफा आहेत. माझी कवळी हलली."

"तो कवळी बसवणाऱ्याचा दोष," थोरली म्हणाली.

कवळी धाकट्याने बसवली होती. "काका नीट दाबून लावत नाहीत," तो पुटपुटला.

"आणि तोफांचं म्हणशील काका, तर दिग्दर्शकाला काही सांगायचं नसलं की तो तोफ उडवतो. फेरीबोटीच्या सिनेमाला देऊ. दुसरं नावच नाही."

फेरीबोटीच्या सिनेमावर कोणाचं दुमत नव्हतं. थोरलीला नको असलेलं दुमत त्या खोलीत तसंही फार टिकत नसे. धाकट्याने तर उत्साहाने मान हलवली आणि तिथेच तो फसला.

"तुला काय आवडलं त्यातलं?" थोरलीने विचारलं.

"ते... पाणी. पाण्याचा वापर."

"पाणी पहिल्या अर्ध्या तासात संपतं. पुढे सगळा वेळ बोट गाळात रुतलेली आहे."

"असेल. मला वाटतं, तेवढ्यातच डोळा लागला."

"सव्वा दोन तास डोळा. तुझ्या खुर्चीवर आडवे पडणारे पेशंट तरी जागे असतात." थोरलीने कागदावर खूण केली. "चित्रपट झाला. अभिनेत्रीचा पुरस्कार त्याच सिनेमातल्या तिकीट फाडणाऱ्या मुलीला. या वर्षाचा शोध आहे ती. पुढे चला."

"थांबा ताई," वकीलबाई म्हणाली. "आईंचं नाव चर्चेलाही घ्यायचं नाही का?"

त्याच वेळी आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. थोरलीने तिच्याकडे पाहिलं नाही. "या घरात आईचं नाव घ्यायला बंदी कुठे आहे? जेवण बरं झालं की आपण घेतोच."

आईने एकेकाच्या हातात कप दिला. कात्रीकाकांच्या चहात साखर नव्हती, थोरलीच्या चहात दूध नव्हतं. इतक्या वर्षांत तिचं त्यात कधी चुकलेलं नव्हतं.

वकीलबाई तयारी करूनच आली होती. आईंची भूमिका लहान नाही, ती नायकाची आई नसून या वेळी बहीण आहे, प्रेक्षकांनी ती उचलून धरली आहे, मोठ्या पुरस्कारवाल्यांनीही तिची दखल घेतली आहे, आणि घरच्या माणसाला घरचे म्हणून डावलणं हाही पक्षपातच, असं सगळं तिने मुद्द्यामागून मुद्दा मांडत नेलं. थोरलीने शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा काढला, रुमालाने आधी डावी काच पुसली, मग उजवी, चष्मा परत नाकावर चढवला आणि भावजयीकडे आत्ताच कोणी दाखवल्यासारखं पाहिलं.

"हं," ती म्हणाली. "प्रयत्न चांगला आहे."

कॉलेजातली मुलं हे वाक्य ऐकून रडलेली होती. वकीलबाई मात्र रोज न्यायाधीशांसमोर उभी राहणारी.

"तुम्ही तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिलात का, ताई?"

कोणाची तरी खुर्ची करकरली.

"सदरात लिहिलंय मी त्याच्यावर."

"ते वाचलं. त्यातल्या बहिणीबद्दल लिहिलंय की अशी बाई जगात नसते, ती फक्त लेखकाच्या टेबलावर जन्माला येते. ती बाई म्हणजे आपल्या आई, हे तेवढं लिहिलेलं नाही. मी विचारतेय, शेवटपर्यंत पाहिला का?"

धाकट्याने कपात तोंड घातलं. लहानपणापासून तो ताईच्या बाजूचा. पण रात्री घरी जायचं होतं ते बायकोबरोबर. "ताई मध्यंतरात उठली," तो म्हणाला. "मीही उठलो. गाडी तिची होती."

"मग बाबांचा नियम काय सांगतो, काका?"

"पुरता न बघता मत द्यायचं नाही," कात्रीकाका नाइलाजाने म्हणाले. "दादाने एकदा माझंच मत बाद केलं होतं. मी म्हटलं, मी कापलेले तुकडे पाहिलेत, तर म्हणाला, तुकड्यांना मत नसतं."

थोरली पेचात सापडली. बाबांचा नियम मोडायचा तर मंडळच मोडण्यासारखं. आणि हे सगळं केलं कोणी, तर या वकीलबाईने, जी सिनेमाला जाते ती पॉपकॉर्न खायला.

"उरलेला बघून टाकू," ती म्हणाली. "दाताचं दुखणं एकदाच काय ते उपटावं. मध्यंतरानंतरचा लाव रे."

"कशाला?" रिकामे कप गोळा करत आई म्हणाली. "दुसरा भाग पहिल्यापेक्षा वाईट आहे, मी सांगते ना. तुमची दुपार फुकट जाईल." आणि कोणी काही बोलायच्या आत ती गॅलरीत कपडे वाळत घालायला निघून गेली.

पडदे ओढले गेले, आणि बाबांच्या भिंतीवर पहिल्यांदाच आई उमटली. तिचा चेहरा छतापासून खुर्च्यांच्या पायापर्यंत आला. क्षणभर सगळेच दचकले. मग सवयीने तोंडं चालू झाली.

"हा रडतोय का शिंकतोय?" थोरलीने नायकाबद्दल विचारलं.

"दातांना टोप्या घातल्यात त्याने," धाकटा म्हणाला. "स्वस्तातल्या."

"हे संगीत आहे का कोणी पेटीवर बसलंय?"

कात्रीकाका खुसखुसत होते. वकीलबाईसुद्धा एकदा हसली, कारण नायक धावत जिना चढला तेव्हा त्याचा शर्ट निळा होता आणि वर पोचला तेव्हा पांढरा. थोरलीची गाडी रुळावर आली. दहा मिनिटांत प्रश्न निकालात निघेल, असं तिला वाटायला लागलं.

पडद्यावरची आई निवृत्त मुख्याध्यापिका होती. आईबापांमागे तिने धाकट्या भावाला वाढवलं होतं आणि आता भावाची नवी बायको घरात आली होती. ती पोरगी चित्रं काढायची. तिने नणंदेसाठी तिच्या जुन्या शाळेचं चित्र काढून आणलं आणि घाबरत तिच्यापुढे धरलं.

मुख्याध्यापिकेने चष्मा काढला. रुमालाने आधी डावी काच पुसली, मग उजवी. चष्मा परत नाकावर चढवला.

"हं," ती म्हणाली. "प्रयत्न चांगला आहे."

कात्रीकाका फसकन हसले. "अरे, ही तर आपली..." आणि जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं कापलेल्या त्या माणसाने पहिल्यांदा स्वतःचं वाक्य कापलं.

थोरलीच्या लक्षात आलं की आपला हात चष्म्याकडे निघाला होता आणि वाटेतच थांबला आहे. तिने तो मांडीवर ठेवला. नक्कल, तिने मनात म्हटलं. ती हे वर्गात नेहमी सांगायची: नक्कल म्हणजे अभिनय नव्हे, नक्कल कोणीही करतं. लग्नघरातला टवाळ भाचाही करतो. तिला संताप आला, आणि संतापात थोडं हायसंही वाटलं, कारण संतापून विरोधात मत देता येतं.

पण सिनेमा पुढे चालू राहिला. भाऊ आणि त्याची बायको घर सोडून गेले. ती बाई घरात एकटी उरली. तिने कपाटामागे ठेवलेलं ते चित्र काढलं, भिंतीवर टांगलं, दोन पावलं मागे सरून पाहत राहिली. मग त्या रिकाम्या खोलीत ती म्हणाली, "छान आहे."

ते उपरोधिक वाटलं. तिलाही ते कळलं. तिने पुन्हा म्हटलं, "छान आहे." या वेळी शाळा तपासायला आल्यासारखं. तिने घसा खाकरला, चेहरा सैल केला, ओठ ओलसर केले आणि परत म्हटलं. या वेळी दया केल्यासारखं. नायक नाही, संगीत नाही, कोणाच्या डोळ्यांत पाणी नाही. एक शिकली-सवरलेली बाई दोन सोपे शब्द पुन्हा पुन्हा तोंडात धरून बघत होती आणि दर वेळी ते तिच्या तोंडातून तिखटच बाहेर पडत होते. शेवटी ते एकदा बरोबर आले. साधे, उघडे. तिने चटकन दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

थोरलीनेही दाराकडे पाहिलं.

कारण हे तिने केलेलं होतं. पंचविशीत असताना, नवी नवी पदवी घेऊन आलेली असताना. आईचं एक नाटक होतं, बाबा कसेबसे पाहायला आले होते. पडदा पडल्यावर थोरली नाट्यगृहाच्या मोरीत शिरली होती आणि तिथल्या फुटक्या आरशासमोर तिने म्हणून पाहिलं होतं: आई, फार सुंदर काम केलंस. पुन्हा पुन्हा, जमेपर्यंत. मग ती रंगपटात गेली तर बाबा तिथे आधीच हात मागे बांधून उभे होते. त्यांनी थोरलीकडे पाहिलं, 'काय, कसं वाटलं?' अशा नजरेने. आणि ती म्हणाली होती, प्रयत्न चांगला होता. बाबा खूश होऊन हसले होते. ते वाक्य तिने त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. मोरीतली गोष्ट तिने कधीच कोणाला सांगितली नव्हती.

सिनेमा यथाकाल सगळ्यांना एका छत्रीखाली आणून संपला. धाकट्याने पडदे उघडले आणि समिती एकमेकांची तोंडं टाळत बसली.

"मला वाटतं," वकीलबाई हळूच म्हणाली, "फेरीबोटवालीलाच देऊन टाकू. मी उगाच ताणलं."

"तेच बरं," धाकटा लगेच म्हणाला. "घरातलं बाहेर कशाला? म्हणजे, घरातलं असं नाही..."

"वहिनीला मोठा पुरस्कार आहेच की," कात्रीकाका म्हणाले. "मिळाला तर."

थोरलीने तिघांकडे पाहिलं. तासाभरापूर्वी आईसाठी कंबर कसून भांडणारी भावजय आता थोरलीचीच कीव करत होती. भाऊ तिला जपत होता. तिला अशी शिसारी आली की तिचा आवाज आपोआप ताळ्यावर आला.

"तुम्हाला तिघांना सिनेमातलं काहीही कळत नाही," ती म्हणाली. "एकाला झोप येते, एकाला तोफा लागतात, आणि एकीला खटला जिंकायचा असतो, सिनेमा कुठलाही असो. आत्ता तुम्ही काय पाहिलंत?"

"ताई, आम्ही फक्त..."

"मी सांगते काय पाहिलंत. तुम्ही ओळखीची लकब पाहिलीत आणि गप्प बसलात. लकब कोणीही उचलेल. त्या बाईला लकबीच्या मागे काय आहे ते माहीत होतं. तेच दोन शब्द ती परत परत म्हणते आणि एकदाही तोच सूर लागत नाही, शेवटचा सोडून. फेरीबोटीतली मुलगी चांगली आहे. गप्प राहणं तिला जमतं. गप्प राहणं मलाही जमतं. हे मला मरेपर्यंत जमणार नाही, आणि तुम्हाला तर ते झालेलंही कळलं नाही." तिने कागद पुढे ओढला. "सिनेमा टुकार आहे. ते मत मी बदलणार नाही. पण अशी बाई जगात नसते, हे मी लिहिलंय, ते छापून मागे घ्यावं लागेल. अभिनेत्रीचा पुरस्कार आईला. हात वर करा."

"मला नको," दारातून आई म्हणाली. रिकामी बादली हातात घेऊन ती केव्हाची तिथे उभी होती, कोण जाणे. "तिकीट फाडणारी पोर माझ्याहून चांगली आहे. मी फार करते, ती काहीच करत नाही. तिलाच द्या."

"तुला मत नाही. तू सभासद नाहीस."

"चाळीस वर्षं नाही," आई म्हणाली.

"म्हणूनच गप्प बस."

हात वर झाले. कात्रीकाकांचा सगळ्यांत शेवटी आणि अर्धाच, पण थोरलीने तो पुरता धरला.

माणसं पांगल्यावर ती कपबशा घेऊन स्वयंपाकघरात गेली. हे काम तिने या घरात फारसं केलेलं नव्हतं, त्यामुळे कुठे काय ठेवायचं ते तिला कळेना. आई ओट्याशी पाठमोरी होती.

"तो चित्राचा प्रसंग कोणी लिहिला?" थोरलीने विचारलं.

"कोणी नाही. पटकथेत ती चित्र टांगते आणि रडते. मी दिग्दर्शकाला म्हटलं, रडायला मला कधीही सांग, पण एकदा कॅमेरा जरा चालू ठेव."

"आई, तुला कसं कळलं ते?"

आईने हात पुसले. सांगावं की नाही, असं तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. नेमकं कसं होतं, तेवढंच ती आठवत होती.

"रंगपटाची भिंत पातळ होती," ती म्हणाली. "मी तोंडाचा रंग उतरवत होते आणि पलीकडून तुझा आवाज आला. आधी वाटलं, कोणाशी तरी बोलतेयस. मग कळलं. शेवटचं फार छान जमलं होतं गं. मी हात तसाच धरून थांबले. म्हटलं, आता येईल आणि मला म्हणेल."

थोरलीने उगाचच नळ सोडला. "मग?"

"मग तू आलीस," आई म्हणाली.

मोठ्या पुरस्काराला आई तिला घेऊन गेली. एकालाच बरोबर नेता येत होतं. धाकटा दोन दिवस रुसला आणि वकीलबाईने त्याला त्यावरून भरपूर झापलं. सभागृह मोठं, थंडगार. आजूबाजूला अत्तराने माखलेली माणसं बसलेली. त्या रात्रीचा अभिनेत्रीचा पुरस्कार फेरीबोटीतल्या मुलीला मिळाला, जिला थोरलीनेच आधी वर्षाचा शोध म्हटलं होतं. मुलगी मंचावर गेली आणि तिथेही फारसं बोलली नाही. आई उभी राहून तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवत होती.

थोरली बसूनच राहिली. "काडीचं कळत नाही या लोकांना," ती म्हणाली. पुढच्या रांगेतल्या गृहस्थाने मान वळवून पाहिलं. "तुम्हालाच म्हणतेय. परीक्षक असाल तर जास्तच." तो गृहस्थ घाईघाईने समोर बघू लागला.

आई खाली बसली. थोरलीने समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे पाहत, पाढे म्हणून टाकावेत तसं, एका दमात म्हटलं, "आई, तू फार सुंदर काम केलंस."

आईने तिच्याकडे कान केला. "काय म्हणालीस? टाळ्यांत नीट ऐकू आलं नाही."

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. थोरलीने मान वळवून आईकडे पाहिलं आणि पुन्हा सांगितलं.